न हलणारी रेघ

— अहो नाही, नाही, शिडी तिथे नको, दादा, थांबा जरा! त्या टेबलाला लागली म्हणजे झालं — हां, मागे घ्या, अजून थोडी — बास. ते टेबल आहे ना, ते हवेवर तरंगतं. हसताय काय? खरंच सांगते. पायांत हवा भरलेली आहे त्याच्या. रस्त्यावरून ट्रक गेला तरी वरचं काही हलता कामा नये म्हणून. तुम्ही नुसते टेकलात तरी माझी सकाळपासूनची मोजणी वाया. तर शिडी भिंतीला लावून ठेवा आणि तुम्ही या स्टुलावर बसा. बसा हो. ट्यूब कुठे पळून जातेय? — माहितीये, वरचे मजले व्हायचेत अजून तुमचे. पाच मिनिटं फक्त. पाणी देऊ? बाटली उष्टी नाहीये. नको? मग मीच पिते.

म्हणजे ट्यूब बदलायचीच आहे, कोण नाही म्हणतंय? तक्रार त्या वॉचमननेच केली असणार, त्याला दाराच्या काचेतून ती फडफड दिसते आणि डोकं दुखतं म्हणे त्याचं. दुखू दे. परवा तुमचा जोडीदार आला होता, तो उंच, मिशीवाला, त्याला मी म्हटलं, लेझर चालू आहे, आज नको. त्याच्याआधी एकदा आला होता तेव्हाही म्हटलं, लेझर चालू आहे. बिचारा तसाच परत गेला. लेझर चालू नव्हता. म्हणजे — जाऊ दे ते. असं बघा, ही खोली सगळी काळी रंगवलेली, खिडकीलासुद्धा काळा कागद, आत येणाऱ्याला पहिल्यांदा विहिरीत उतरल्यासारखंच वाटतं. मोठे दिवे आम्ही कामाच्या वेळी बंद करतो. ही एकच काय ती दारावरची, ती कधीच बंद होत नाही. हिला बटणच नाही! थेट मेन लाइनवर. आमच्या सरांनी करून घेतलेलं. पूर्वी म्हणे अंधारात कोणीतरी कोपऱ्यावर आपटलं आणि कपाळ फुटलं, तेव्हापासून सरांचा नियम — लेझरच्या खोलीत दारावरची ट्यूब चोवीस तास चालू. मी इथे आले तेव्हापासून तिच्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. देवघरातल्या समईकडे तरी माणूस वात सरसावायला बघतो. हिच्याकडे कोण बघतंय?

लागू नका हो घड्याळाकडे बघायला. मीच बघतेय ते पुरे आहे. चार वाजता मला एक फोन यायचाय. तोवर ही मोजणी चालू राहायला हवी आणि तोवर — तोवर ट्यूब राहू दे, असं माझं म्हणणं होतं. तुम्ही म्हणाल, बाईंचं ट्यूबशी एवढं काय लागून गेलंय. सांगते. कोणाला तरी सांगायलाच हवं, घरी सांगायची सोय नाही. आमचे हे म्हणतात, तुझं ऑफिसचं गाऱ्हाणं उंबऱ्याबाहेर ठेवून येत जा. प्रेमानेच म्हणतात. पण ठेवलं बाहेर तरी ते आत येऊन बसतंच की.

तो डबा दिसतोय? त्याच्या आत चिमूटभर भुकटी आहे, विटकरी रंगाची. तुमच्या मोबाईलमधली चिप ज्या अर्धवाहकाची बनते ना, त्याचाच चुरा. चुरा म्हणजे पिठासारखा नव्हे हो, पिठाचा कण म्हणजे याच्यापुढे डोंगर. एकेक कण एवढासा की आत फक्त काही हजार अणू, पण सगळे ओळीने, शिस्तीत. आणि शिस्तीत म्हणजे गप्प नाही बरं का! शेजारी शेजारी उलट्या दिशेने थरथरत असतात, एक इकडे सरकला की दुसरा तिकडे, सारखं चाललेलं. त्यांच्यावर आम्ही हिरवा लेझर सोडतो. परत येताना तो प्रकाश त्या थरथरीला थोडीशी ताकद देऊन येतो, तेवढा त्याचा रंग बदलतो. किंचित. डोळ्याला कळायचंच नाही. यंत्राला कळतं. मग पडद्यावर टेकडी उमटते, आणि टेकडी कुठे उमटली त्यावरून आम्ही सांगायचं की आत कोण कसं थरथरतंय. भांडं वाजवून बघतो ना आपण, पितळेचं आहे की स्टीलचं, चिरलंय की धड आहे, तसंच. झालं. एवढंच काम. एवढ्या कामाचा मला पगार मिळतो आणि सासूबाई चारचौघांत सांगतात, आमची सून अणू मोजते.

आता ही भिंतीवरची फ्रेम बघा. सरांनी लावलीय. मोठी टेकडी दिसली? तिच्या शेजारी, डाव्या अंगाला, तो बारीक काटा? आमच्यात अशा काट्याला रेघ म्हणतात. ती माझी रेघ. माझी म्हणजे — मी शोधलेली. त्याचं असं असतं, दादा, की कण लहान केला की टेकडी जरा सरकते, पसरते. तापवला की सरकते. गार केला की परत उलटी सरकते. सगळ्या टेकड्यांचा धर्मच तो. आणि ही रेघ? लहान केला कण, मोठा केला, तापवला, बर्फाहून गार केला — ही जागची हलत नाही! ढिम्म! सगळे हलतात आणि ही उभी. मोठ्या सलग तुकड्यात नाही, फक्त भुकटीत आहे. म्हणजे काय? म्हणजे ही कणाच्या पृष्ठभागाची, कातडीची थरथर असणार, आतल्या कशाशी हिचं देणंघेणं नाही, म्हणून ही हलत नाही. असं मी म्हटलं. असं सरांनी म्हटलं. मग सगळेच म्हणायला लागले. सरांनी भाषणात हिला अढळ रेघ असं नाव दिलं, आणि तेव्हापासून पोरं माझ्या पाठीमागे मला अढळबाई म्हणतात. मला माहितीये. मला आवडायचं ते. खोटं कशाला बोलू, जिन्यावरून जाताना ऐकू आलं की मी मुद्दाम हळू चालायचे.

एवढ्याशा रेघेने मला काय काय दिलं म्हणून सांगू! कायमची नोकरी दिली. ही खोली दिली. लेकीच्या शाळेत मला पाहुणी म्हणून बोलावलं तर ती पहिल्या बाकावर बसून सगळ्यांना सांगत होती, माझी आई आहे, माझी आई आहे. आता ती मोठी झालीय, आता नाही सांगत, पण तेव्हा सांगत होती. आणि — तुम्ही ऐकताय ना? बरं. नाही, मला वाटलं झोप आली. अंधारात झोप येते लोकांना. मला नाही येत. मला हल्ली घरीसुद्धा नाही येत.

आता या पडद्याकडे बघा. ही फ्रेम नव्हे, ही आत्ताची, आता चालू असलेली मोजणी. तीच भुकटी, तोच लेझर. टेकडी तेवढीच आहे, हो ना? आणि रेघ केवढीशी झालीय बघितलंत? निम्मीसुद्धा राहिली नाही. गेल्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं. आधी वाटलं, नमुना जुना झाला. नवा घातला. तरी तेवढीच. मग वाटलं, लेझर थकला. तर लेझर थकला असता तर टेकडीही बसायला नको होती का? टेकडी मस्त उभी! मी इथेच बसले होते, या स्टुलावर, तुम्ही बसलायत तिथे, हातात चहा, आणि ती वरची बया फडफडायला लागली. नुसती फड-फड-फड. आणि पडद्यावर — यंत्र दर थोड्या वेळाने नवा आलेख काढतं — त्या आलेखात रेघ एकदम खाली बसली. मग ट्यूब सावरली. आणि पुढच्या आलेखात रेघ सावरली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

नाही, नाही, तसं लगेच काही सिद्ध होत नाही. विजेचा दाब कमीजास्त होतो, त्याने यंत्रही डळमळतं. असं मी मला सांगितलं. तुम्ही वीजवाले आहात, तुम्ही सांगा, होतो ना दाब कमीजास्त? — या इमारतीत नाही होत? — बरं. राहिलं.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली माणसं, ट्यूबचा उजेड आत येतो हे बघितलं नाही का? बघितलं हो! बघितलं! असे बावळट नाही आम्ही. रिकामं पात्र ठेवून मोजणी घेतली होती मी, रीतसर. भुकटी नाही, काही नाही, नुसतं पात्र. रेघ नव्हती! स्वच्छ, सपाट. म्हणून तर छातीठोक सांगितलं सगळ्यांना. आता गंमत ऐका. गंमत म्हणजे — गंमत कसली, माझं मरण आहे ते. भुकटी गार ठेवायला तिच्या पात्राला ही जाड नळी लावावी लागते, त्या धूर निघणाऱ्या टाकीतून येते ती, तापवतानाही ती तशीच राहते. नळी आली की डब्याचं झाकण पुरतं बसत नाही, एक फट राहते. त्या फटीवर आम्ही हे काळं कापड टाकतो. मीच शिवलंय, जुन्या छत्रीचं. चांगलं दुहेरी शिवलंय. पण रिकामं पात्र गार कशाला करायचं? रिकाम्याला नळी लावायची गरजच काय? नळी नाही, म्हणून फट नाही, म्हणून झाकण घट्ट बंद. म्हणून रेघ नाही. कळलं? ज्या दिवशी मी खात्री करायला गेले, त्याच दिवशी दार लावून घेतलं होतं मी. आणि तो मोठा सलग तुकडा, तो आरशासारखा गुळगुळीत, त्याच्यावर तिरपा उजेड पडला तर तिरपाच निघून जातो, भिंगात येत नाही. भुकटी मात्र उजेड चहूकडे उधळते. म्हणून भुकटीत आहे आणि तुकड्यात नाही. सगळं जमतं, दादा. सगळं इतकं छान जमतं की मला रडू येतं.

कापड उचलून नीट झाकायचं फक्त. नाहीतर नुसता हात धरायचा त्या फटीवर. हा असा. एवढं केलं की कळलं असतं. आठवडा झाला, नाही केलं. इथवर हात नेते आणि मागे घेते. देवाशपथ सांगते, विंचवाच्या बिळात हात घालायला मी एवढी घाबरले नसते.

त्या ट्यूबमध्ये पारा असतो, तुम्हाला माहितीच आहे, म्हणून तर फुटली की तुम्ही लोक उघड्या हाताने गोळा करत नाही. त्या पाऱ्याचा एक ठरलेला हिरवा रंग असतो. ठरलेला म्हणजे ठरलेला, कुठेही जा, कधीही बघा, तोच. इतका पक्का की आम्ही आमचं यंत्र जुळवायलाच पाऱ्याचा दिवा वापरतो! दर सोमवारी मी तो दिवा लावते, ती हिरवी रेघ बघते, जागेवर आहे म्हणते, दिवा बंद करते आणि कामाला लागते. नवऱ्याचं तोंड बघितलं नसेल एवढ्या वेळा ती रेघ बघितलीय मी. मग ओळखू कशी आली नाही? अहो, कारण तेव्हा आम्ही तिला रंगाच्या आकड्याने ओळखतो, आणि भुकटीच्या वेळी जे मोजतो ते लेझरपासूनच्या अंतराने मोजतो. पट्टीच वेगळी. एकाच बाईला माहेरी एक नाव आणि सासरी दुसरं, आणि मी दोन्ही घरी जाऊन जेवून आले, तरी मला वाटतंय या दोघीजणी आहेत. एका पट्टीवरून दुसऱ्या पट्टीवर जायचं गणित एका ओळीचं आहे. पोरं तोंडी करतात. मी केलेलं नाही. अजून केलेलं नाही.

— केलंय. रविवारी भांडी घासताना केलंय. करायचं नाही म्हणून मनाला सांगत होते आणि ते आपोआप होत गेलं, डोक्यातल्या डोक्यात. जुळलं. अगदी काट्यावर. नळ तसाच वाहत राहिला, आमचे हे येऊन बंद करून गेले, म्हणाले, कुठे लक्ष आहे? मी म्हटलं, कुठे नाही.

बसा ना. अजून बसा. तुम्ही उठलात की मला — मला भीती वाटतेय हो. एवढी मोठी बाई मी! आणि फक्त माझं असतं ना, तर एवढी घाबरले नसते. म्हणजे घाबरले असते, पण — ते मी तुम्हाला सांगणार नव्हते. राहू दे. — नाही, सांगते. फोन कशाचा यायचाय ते तरी कळू दे तुम्हाला. दुसऱ्या गावच्या संस्थेत एक मुलगी आहे. माझीच रेघ घेऊन काम करते, म्हणजे ती रेघ अजून नीट समजून घ्यायची, पुढे न्यायची, हाच तिचा विषय. पहिल्यांदा फोन आला तेव्हा इतकी भराभर बोलत होती की मी तिचं नाव घाईबाई ठेवलं. ताई, तुमचं सगळं वाचलंय मी, ताई, मी अशी भुकटी बनवलीय, ताई, मी तशी बनवणार आहे! मधे श्वास म्हणून नाही. हसू यायचं मला. तर तिला रेघ सापडत नाही. कितीदा भुकटी बनवली, कितीदा धुतली, गार केली. टेकडी सुरेख येते तिची, माझ्याहून सुरेख. रेघ नाही. आता तुमच्या लक्षात येईल, का सापडत नाही ते. त्यांची इमारत नवी आहे. तिथे तुम्ही आणलेत ना, तसले दिवे, पारा नसलेले. तिला कशी सापडणार? जन्मात नाही सापडणार.

आणि तिचे वरिष्ठ म्हणतात, बाईंना सापडते, जगाला माहितीये, तुलाच सापडत नाही, म्हणजे तुझ्याच हातात दोष आहे. भुकटी मळकी, काम गचाळ. आज त्यांची बैठक आहे. तिला ठेवायचं की घरी पाठवायचं. आमचे सर त्या बैठकीत आहेत, आणि चार वाजता माझं मत विचारणार आहेत फोनवर. रेघ माझी ना, म्हणून जाणकार मी! सकाळीच सरांचा निरोप आला, जास्त लांबण लावू नकोस, काम कच्चं आहे एवढं म्हण, पुढचं आम्ही बघतो. सर वाईट नाहीत हो. सरांचा माझ्यावर विश्वास आहे. तेच तर झालंय ना.

काल तिचा फोन आला होता. काल ती हळू बोलत होती. एकेक शब्द, मधे थांबून. म्हणाली, ताई, माझं काय चुकतंय तेवढं सांगा, मी ऐकेन. घरी गेले तर परत येणं होणार नाही माझं, घरच्यांनी आधीच सांगून ठेवलंय. आणि मी — भांडी घासताना गणित जुळलेलं होतं तेव्हा, बरं का, रविवार होऊन गेला होता — मी तिला म्हटलं, नमुना नीट धूत जा.

नमुना नीट धूत जा! तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, हो ताई. थँक्यू ताई.

आता असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही काय केलं असतं? तुमचं नाव ज्याच्यावर उभं आहे ते — नाही, तुम्ही काही बोलला नाहीत, मला माहितीये. मीच बोलतेय. मला वाटलं होतं, ट्यूब आपली आपण विझेल. एखाद्या दिवशी सकाळी येईन आणि ती गेलेली असेल, आणि मग जे व्हायचं ते होईल, माझा त्यात हात नाही. आणि बया विझेना. विझत विझत जळतेय. आणि आता तुम्ही आलात. आजच. चारच्या आधी. आणि तुम्हालाही मी लेझर चालू आहे म्हणणार होते, पण तुम्ही न विचारताच शिडी घेऊन आत घुसलात. लोक दारावर टकटक करतात, दादा.

किती वाजले? — बाप रे.

काढा. चढा वर आणि काढा. लवकर, मी पुन्हा नाही म्हणायच्या आत. टेबलापासून लांब, हां, भिंतीला धरून. मोजणी चालूच राहू दे, मी काही बंद करत नाही. हळू. ती टोकं काळी पडलीत, अडकली असेल, जरा फिरवा — तुम्हाला काय शिकवतेय मी! निघाली? — अगं बाई. केवढा हा काळोख! मी इतकी वर्षं इथे आहे आणि ही खोली अंधारात कधी बघितलीच नाही. तुम्ही कुठे आहात? बोला काहीतरी. हां. उतरा सावकाश. पडद्याचा उजेड आहे तेवढा. पायरी चुकू नका.

आता एक करा माझ्यासाठी. मी पाठ करून उभी राहते, माझ्याच्याने बघवणार नाही. तुम्ही पडद्यासमोर बसा. खाली एक पट्टी भरत जातेय, दिसली? ती पूर्ण भरली की नवा आलेख येईल. आधीचा बघू नका, त्यात ट्यूब होती. नवा. किती भरली? — निम्मी. बरं. बरं. तोवर बोला ना काहीतरी, वर कुठल्या खोल्या राहिल्यात तुमच्या? — हं. — हं. — भरली? आता बघा. मोठी टेकडी आहे? आहे ना? म्हणजे यंत्र ठीक आहे. तिच्या डाव्या अंगाला. फ्रेममध्ये दाखवला ना तुम्हाला, बारीक काटा. अगदी बारीक असला तरी चालेल. आहे?

जवळ जाऊन बघा. चष्मा आहे का तुमच्याकडे? लावा की मग! खिशात कशाला ठेवलाय? — बोट ठेवून बघा पडद्यावर, टेकडीच्या डाव्या पायथ्यापासून बोट सरकवत जा. कुठे वर उचलतंय का?

सपाट.

सपाटच?

— नाही, नाही, मी ठीक आहे. बसते जरा. इथेच खाली बसते, स्टूल नको. फरशी गार आहे, बरं वाटतंय. मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल, छातीत कळ येईल वगैरे. काहीच नाही. पंप चालूच आहे, टाकीतून धूर निघतोच आहे. मी लेकीला काय सांगू? ती विचारणार नाही म्हणा. पण विचारलं तर?

काय म्हणालात? — जुनीच परत बसवू?

बसेल ती? लागेल? — अजून दोनचार दिवस काढेल म्हणता. तुम्ही भले माणूस आहात हो. मी रडतेय म्हणून म्हणताय ना? तुम्हाला वाटतंय बाईंचं काहीतरी मोडलं, आपण जोडून द्यावं. दोनचार दिवस. म्हणजे चार वाजता मी म्हणू शकते की बाबांनो, मला तर अजूनही दिसतेय. खोटं नाही त्यात काही! दिसेलच. तुम्ही आणि मी सोडून कोणाला — आणि तुम्ही कोणाला सांगणार? आणि मग नंतर मी सावकाश, सहा महिन्यांनी, स्वतःहूनच, नीट लिहून — तोवर ती घरी गेलेली असेल. चढा. चढा वर. शिडी आहे ना तिथेच? बसवा ती. — नाही, थांबा. द्या इकडे ती ट्यूब. माझ्याकडे द्या. अजून कोमट आहे हो. लहान मुलाच्या अंगासारखी. धुळीने भरलीय नुसती. कोणी पुसलीसुद्धा नाही कधी.

वाजतोय.

वाजू दे. — नाही, घेते. तुम्ही हलू नका, अंधारात कुठे धडपडाल. ट्यूब धरा. धरा नीट. — हॅलो. हो सर, मीच. नमस्कार. हो, ऐकू येतंय. — हो. — हो, वाचलंय तिचं काम मी. सगळं. — सर, ती कुठे आहे आत्ता? — बाहेर कशाला बसवलंय? आत बोलवा तिला. — नाही सर, आधी तिला बोलवा, मग सांगते. — नियम असेल, सर, पण मी तिच्यासमोरच बोलणार आहे. — तब्येत बरी आहे माझी, आवाज असाच येतोय. फोन टेबलावर ठेवा, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. हो, थांबते. — दादा, तुम्ही निघा आता. ती जपून न्या, फुटायला नको. नवी नंतर लावा, मी बोलावेन तुम्हाला, आज मला अंधारच लागणार आहे. दार ओढून घ्या. — हॅलो? आलीस का गं? बस. उभी राहू नकोस. हे बघ, काल मी तुला जे सांगितलं ना, ते विसर. तुझा नमुना स्वच्छ आहे.